एसक्यूएलमधील क्रिएट आणि ड्रॉप

क्रिएट आणि ड्रॉप ही एसक्यूएल या भाषेतील दोन विधाने असून त्यांच्या साहाय्याने डेटाबेसमधील घटक अनुक्रमे निर्माण केले व काढून टाकले जातात. सारणी, दृश्य, निर्देशांक, स्कीमा इत्यादींचा अशा घटकांत समावेश होतो. रचनेत बदल करणाऱ्या अल्टर या विधानासह ही विधाने एसक्यूएलच्या विदा-व्याख्या विभागात मोडतात. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहिली जातात.

इतिहास

आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा 'सीक्वेल' या नावाने मांडली. १९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले. मात्र अल्टर व ड्रॉप यांना १९९२ च्या प्रमाणकात स्थान मिळाले.

निर्मिती

क्रिएट टेबल या विधानात सारणीचे नाव, स्तंभ, त्यांचे विदाप्रकार आणि निर्बंध दिले जातात. उदाहरणार्थ:

क्रिएट टेबल विद्यार्थी (क्रमांक इंटिजर प्रायमरी की, नाव व्हारकॅर(५०) नॉट नल);

त्याच नावाची सारणी आधीच असल्यास त्रुटी येते. अनेक प्रणालींत 'इफ नॉट एक्झिस्ट्स' जोडून ती टाळता येते. परंतु अस्तित्वात असलेल्या सारणीची रचना वेगळी असली, तरी ती बदलली जात नाही.

काढून टाकणे

डिलीट हे विधान सारणीतील ओळी काढते व ट्रंकेट सारणी पूर्ण रिकामी करते; दोन्हींत रचना शिल्लक राहते. ड्रॉप टेबलने मात्र ओळींसह रचना आणि निर्देशांकही नष्ट होतात.

एखादे दृश्य किंवा परकीय की सारणीवर अवलंबून असल्यास 'रिस्ट्रिक्ट' हा पर्याय ड्रॉप नाकारतो, तर 'कॅस्केड' अवलंबून असलेले दृश्यही काढतो. परकीय कीच्या बाबतीत केवळ निर्बंध जातो, संदर्भ देणारी सारणी राहते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये रिस्ट्रिक्ट गृहीत धरले जाते. मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबलसोबत हे दोन्ही शब्द स्वीकारले जातात, पण त्यांचा परिणाम होत नाही.

पूर्ववत करणे

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये व्यवहारात केलेले ड्रॉप टेबल 'रोलबॅक'ने मागे घेता येते. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये असे विधान चालू व्यवहार आपोआप कायम करते. त्यामुळे त्याआधीचे बदलही मागे घेता येत नाहीत. ओरॅकलच्या १०जी आवृत्तीपासून काढलेली सारणी सामान्यतः 'रीसायकल बिन'मध्ये जाते व ती रिकामी होईपर्यंत 'फ्लॅशबॅक टेबल'ने परत मिळवता येते. अशी सोय नसल्यास प्रतिजतन हाच मुख्य आधार उरतो. म्हणून उपयोजनाच्या दैनंदिन खात्यास ड्रॉपचा अधिकार न देणे इष्ट मानले जाते. एसक्यूएल इंजेक्शन हल्ल्यातील संभाव्य हानीही त्यामुळे मर्यादित राहते.