सैतिएवच्या कुस्त्या लोक आजही पुन्हा पुन्हा का पाहतात?

२ मार्च २०२५ रोजी मॉस्कोत बुवायसार सैतिएवचं निधन झालं. पन्नासाव्या वाढदिवसाला फक्त नऊ दिवस उरले होते. बातमी आली आणि कुस्तीप्रेमींनी त्याच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुस्त्यांचे व्हिडीओ पुन्हा शेअर करायला सुरुवात केली.

पण यातली एखादी कुस्ती पहिल्यांदाच पाहिली तर गोंधळ उडू शकतो. अंगावर शहारा आणणारी उचल-आपट फारशी दिसत नाही. स्कोअरही बऱ्याचदा तीन-चार गुणांच्या आतबाहेर. आणि मॅटवर एक उंच, सडपातळ पैलवान हात सैल सोडून असा उभा की, हा लढायला आलाय की सरावाला, असा प्रश्न पडावा. मग जाणकार ज्याला फ्रीस्टाईलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम दोन-तीन पैलवानांत धरतात, तो हाच का?

तर हो, हाच. त्याच्या कुस्तीत नेमकं काय पाहायचं, ते समजून घेऊया.

सैतिएव कोण होता?

जन्म ११ मार्च १९७५, गाव खासाव्युर्त. रशियातल्या दागेस्तान प्रांतातलं हे शहर चेचन्याच्या सीमेला लागून आहे. सैतिएव वंशाने चेचेन होता. कुस्तीसाठी तो हजारो किलोमीटर लांब, सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला गेला आणि तिथे दिमित्री मिंदियाश्विली या प्रशिक्षकांच्या हाताखाली घडला.

त्याच्या नावावर ३ ऑलिम्पिक सुवर्णपदकं आहेत : अटलांटा १९९६, अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८. शिवाय १९९५, १९९७, १९९८, २००१, २००३ आणि २००५ अशी ६ जागतिक अजिंक्यपदं. हे सगळं ७४ किलो आणि मधल्या काही वर्षांत ७६ किलो वजनगटात. हा गट नेहमीच सर्वाधिक चुरशीच्या गटांपैकी एक मानला जातो.

स्कोअर इतका कमी का दिसतो?

आजच्या नियमांच्या चष्म्यातून जुनी कुस्ती पाहिली की फसगत होते. सध्या प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्या पाठीमागून ताबा मिळवला की २ गुण मिळतात. सैतिएवच्या काळात याच कामगिरीला फक्त १ गुण होता. म्हणजे ज्या कुस्तीत तो ३-० ने जिंकलेला दिसतो, तिचा स्कोअर आजच्या हिशोबाने ६-० झाला असता.

दुसरी गोष्ट वेळेची. १९९६ मध्ये कुस्ती सलग ५ मिनिटांची होती. २००४ मध्ये ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या. २००८ मध्ये २-२ मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या आल्या आणि त्यातल्या दोन जिंकणं आवश्यक झालं. एका फेरीत मिळवलेली आघाडी पुढच्या फेरीत उपयोगाची नव्हती.

सैतिएवची तीन ऑलिम्पिक सुवर्णं ही अशा तीन वेगवेगळ्या पद्धतींतली आहेत. नियम बदलला की अनेक चांगल्या पैलवानांची लय बिघडते, कारण त्यांची दमसास आणि आक्रमणाची वेळ जुन्या घड्याळाला जुळलेली असते. सैतिएव मात्र तिन्ही घड्याळांवर जिंकला.

मग त्याच्या कुस्तीत पाहायचं काय?

*आधी हात पाहा.* बहुतेक पैलवान गुण घेण्यासाठी समोरच्याच्या पायांवर झेप घेतात, म्हणजे एकेरी किंवा दुहेरी पट काढतात. सैतिएवचं काम त्याच्या खूप आधी सुरू व्हायचं. समोरच्याचं मनगट, कोपर, मान यांवर त्याचे लांब हात सतत फिरत असायचे. थोडं ओढणं, थोडं दाबणं, मग सोडून देणं. पाहणाऱ्याला हा टाइमपास वाटतो. प्रत्यक्षात तो समोरच्याच्या वजनाचा अंदाज घेत असतो : कुठल्या पायावर भार आहे, धक्का दिल्यावर हा मागे जातो की उलट धक्का देतो?

*मग डोकं पाहा.* सैतिएव मानेवर हात टाकून समोरच्याचं डोकं खाली दाबायचा. कोणताही पैलवान अशा वेळी मान वर उचलण्यासाठी जोर लावणारच. तो जोर लागला की सैतिएव दाब काढून घ्यायचा आणि समोरच्याच्या काखेखालून सरकत थेट पाठीमागे जायचा. समोरच्याचं शरीर त्याच्याच जोराने वर आलेलं असायचं. व्हिडीओत हे इतकं सहज दिसतं की, प्रतिस्पर्ध्यानेच वाट करून दिली असं वाटतं.

*शेवटी पाय पाहा.* टांग मारणं हे त्याचं खास हत्यार. टांगेत ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची असते. पाय जमिनीवर घट्ट रोवलेला असेल तर टांग मारणाऱ्यालाच लागतं. पाय हवेत असेल तर फायदा नाही. भार पायावर येतोय किंवा पायावरून सुटतोय, त्या निमिषातच ती बसते. हातांनी समोरच्याला पाऊल टाकायला भाग पाडायचं आणि ते पाऊल टेकायच्या आत उडवायचं, हा सैतिएवचा हिशोब असायचा.

म्हणूनच तो उभा राहताना सैल दिसायचा. अंग ताठ ठेवलं की समोरच्याच्या हालचालीची सूचना उशिरा कळते. तो सैलपणा आळस नव्हता, कान टवकारून बसण्यासारखा होता. कुस्ती खेळलेल्या माणसाला त्याच्या कुस्त्या जास्त आवडतात, कारण दमलेल्या अवस्थेत, समोर तितकाच तगडा पैलवान असताना अंग सैल ठेवणं किती अवघड असतं, हे त्याला माहीत असतं.

अटलांटा १९९६ : दोन जुने विजेते, एक नवा

१९९५ची जागतिक स्पर्धा अटलांटात झाली होती. तिथे सैतिएव विसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी त्याच शहरात ऑलिम्पिक होतं.

त्या स्पर्धेत त्याने अमेरिकेच्या केनी मंडेला हरवलं. मंडे १९८८ चा ऑलिम्पिक विजेता आणि घरच्या प्रेक्षकांसमोर खेळत होता. अंतिम फेरीत समोर आला दक्षिण कोरियाचा पार्क जांग-सून, जो १९९२ च्या अंतिम फेरीत याच मंडेला हरवून विजेता झाला होता. सैतिएवने त्यालाही हरवलं. म्हणजे आपल्या गटाच्या आधीच्या दोन्ही ऑलिम्पिक विजेत्यांना एकाच स्पर्धेत मागे टाकून त्याने पहिलं सुवर्ण घेतलं.

या सुवर्णाला एक पार्श्वभूमी आहे. १९९४ पासून चेचन्यात युद्ध सुरू होतं आणि एक चेचेन तरुण रशियाच्या पोशाखात खेळत होता. ऑलिम्पिक संपल्यावर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९९६ च्या अखेरीस, ते पहिलं चेचेन युद्ध थांबवणारा करार झाला. तो करार झाला त्याच्याच गावात, खासाव्युर्तमध्ये.

सिडनी २००० : चाहते ही कुस्तीही का दाखवतात?

सिडनीला सैतिएव सुवर्णाचा सर्वात मोठा दावेदार म्हणून उतरला होता. पण गटातच अमेरिकेच्या ब्रँडन स्लेने त्याला हरवलं. त्या वेळच्या पद्धतीत प्रत्येक गटातला फक्त पहिला पैलवान पुढे जायचा. त्यामुळे एका पराभवात सैतिएवचं ऑलिम्पिक संपलं.

पुढची गोष्टही विचित्र आहे. स्ले अंतिम फेरीत जर्मनीच्या अलेक्झांडर लाइपोल्डकडून हरला. नंतर लाइपोल्डच्या चाचणीत नँड्रोलोन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, त्याचं पदक काढून घेण्यात आलं आणि सुवर्ण स्लेला मिळालं.

त्याच सिडनीत ८५ किलो गटात सैतिएवचा धाकटा भाऊ आदम याने क्युबाच्या योएल रोमेरोला चितपट करून सुवर्ण जिंकलं. एकाच घरात एका भावाच्या हाती सुवर्ण आणि दुसऱ्याच्या वाट्याला रिकामे हात.

चाहत्यांच्या यादीत स्लेविरुद्धची कुस्ती आवर्जून असते, कारण सैतिएवची पद्धत कुठे अडते, ते तिथे दिसतं. सतत अंगावर येणारा, त्याला हातांचा खेळ मांडायला जागाच न देणारा पैलवान समोर असला की काय होतं, हे पाहिल्यावरच एरवी तो ती जागा कशी मिळवायचा, हे नीट कळतं.

अथेन्स आणि बीजिंग : परत येणं

सिडनीनंतर थांबण्याऐवजी त्याने २००१ आणि २००३ ची जागतिक अजिंक्यपदं जिंकली. २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत कझाकस्तानच्या गेन्नादी लालियेवला हरवून त्याने ऑलिम्पिक सुवर्ण परत मिळवलं. पहिल्या आणि दुसऱ्या सुवर्णात ८ वर्षांचं अंतर होतं.

२० ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये, ३३ व्या वर्षी, त्याने उझबेकिस्तानच्या सोस्लान तिगिएवला हरवून तिसरं सुवर्ण घेतलं. ही तारीख भारतीय कुस्तीप्रेमींनाही आठवत असेल. त्याच दिवशी ६६ किलो गटात सुशील कुमारने कांस्य जिंकलं होतं. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर भारताचं कुस्तीतलं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. आपण सगळे सुशीलच्या आनंदात होतो, तेव्हा त्याच स्पर्धेत पुढच्याच वजनगटात एक युग संपत होतं.

कवितेची गोष्ट काय आहे?

सैतिएवविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कुस्तीला उतरण्याआधी तो रशियन कवी बोरिस पास्तरनाक यांच्या एका कवितेतल्या ओळी मनाशी म्हणायचा. प्रसिद्धीच्या मागे लागणं शोभत नाही आणि आपल्या जय-पराजयाचा निवाडा आपण करत बसू नये, असा त्या कवितेचा आशय.

तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकणाऱ्या माणसाने ही कविता निवडावी, हे अनेकांना नवल वाटतं. पण त्याची कुस्ती पाहिली की ते जुळतं. जिंकायची घाई झालेला पैलवान अंग ताठ करतो, चुकीच्या वेळी झेप घेतो. सैतिएवचं सगळं कसब घाई न करण्यावर उभं होतं.

तोच सर्वश्रेष्ठ का?

यावर एकमत नाही. सोव्हिएत संघाच्या अलेक्झांडर मेदवेदनेही १९६४, १९६८ आणि १९७२ अशी सलग ३ ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली आणि ७ वेळा विश्वविजेतेपद मिळवलं. नुसती पदकं मोजली तर मेदवेद एका पदकाने पुढे आहे, शिवाय त्याची ऑलिम्पिक मालिका अखंड आहे.

सैतिएवच्या बाजूने बोलणारे चाहते पदकांपेक्षा वेगळा मुद्दा मांडतात : त्याच्याकडून शिकता येतं. अफाट ताकद किंवा वेग सगळ्यांना मिळत नाही. पण मनगट कधी धरायचं, दाब कधी सोडायचा, टांग कुठल्या क्षणी मारायची, हे तालमीतला कोणताही मुलगा किंवा मुलगी व्हिडीओ थांबवून थांबवून पाहू शकते आणि दुसऱ्या दिवशी करून बघू शकते.

सुरुवात कुठून करायची?

आधी १९९६ ची पार्कविरुद्धची अंतिम कुस्ती पाहा, मग २००० ची स्लेविरुद्धची आणि नंतर २००४ ची लालियेवविरुद्धची. प्रत्येक कुस्ती दोनदा पाहा. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा गुण मिळण्याच्या पाच सेकंद आधीपासून, फक्त सैतिएवच्या हातांवर नजर ठेवून. गुण पायांनी मिळालेला दिसेल, पण तो ठरला होता हातांत.