प्लेगचे क्रूस

वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांतून हिंडताना वळणावळणांवर दगडी क्रूस दिसतात. त्यांतील कित्येक ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून ओळखले जातात. ते उभे राहिले त्या काळी सरकार आणि मोहल्ला यांच्यात केवढे वितुष्ट आले होते, याची आठवण मात्र पुसट झाली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी येथे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, दाट चाळी आणि तुंबलेली गटारे. ऑक्टोबरच्या ६ तारखेस म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा हुकूम निघाला: रोग्यास गरज पडल्यास बळजबरीने रुग्णालयात न्यावे. ‘तेथे नेऊन माणसे मारतात’ अशी बोलवा उठली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली, आणि मग कोठे हुकूम सैल झाला. तरीही ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आलाच. त्यान्वये सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येत नसे. सद्हेतू गृहीत धरला तो केवळ सरकारचा, चाळकऱ्यांचा नव्हे. तोवर जवळजवळ निम्मे शहर पळाले होते. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीस तपासण्यावरून विणकर मंडळी व शोधपथक यांच्यात ठिणगी पडली आणि गोळीबारापर्यंत मजल गेली.

सरकारचा हेतू दुष्ट होता असे आम्हांस म्हणवत नाही. तेही अंधारातच चाचपडत होते. उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखविले. तोवर सारा भर घरे नि गटारे धुण्यावर. लोकांचे दैवत, पडदा, प्रेतसंस्कार यांची विचारपूस मात्र कोणी केली नाही. जेथे केली तेथे दारे उघडली. जातीजमातींना आपापली रुग्णालये काढू दिली तेव्हा विरोध बराच निवळला. हाफकीन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस प्रथम स्वतःस टोचली. पुढे आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली, तेव्हा खोजा मंडळींचा संकोच ओसरला.

आमच्या गावठाणांतील क्रूसांना कोणाचा हुकूम लागला नाही. क्रूसाने प्लेग हटला असे लिहिण्याचे धाडस आम्ही धर्मगुरू असूनही करणार नाही. पण घरात मृत्यू असताना एकत्र जमण्यास लोकांना एक आपली जागा मिळाली, हे खरे.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लागू झाला. मात्र त्याच एप्रिलमध्ये धारावीत महापालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना हाताशी धरले, आणि घरोघरी तापाची तपासणी करण्यास ओळखीचे चेहरे गेले.