सिनेमा संपल्यावर घरी कसं जायचं?

आज फिल्म सोसायटीबद्दल बोलू. ‘सोसायटी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेंटेनन्सची पावती, पाण्याची टाकी आणि वार्षिक सभेतली भांडणंच येतात. खाडीच्या अलीकडची गोराई वसाहत तर जागतिक बँकेच्या योजनेत, प्लॉट घेऊन, सोसायट्या करूनच उभी राहिली. खाडीपलीकडच्या गोराई गावात सोसायटी म्हणजे मच्छीमारांची. त्यामुळे सिनेमाचीही सोसायटी असते म्हटल्यावर पुष्कळ जणी हसतात. पण ती असते, आणि मुंबईत तर पंच्याऐंशी वर्षांहून जास्त काळ आहे.

तिची रीत साधी. काही माणसं वर्गणी काढतात, सभासद होतात, वार ठरवतात आणि थिएटरात सहसा न लागणारे सिनेमे मागवून एकत्र बघतात. जपानचे, इटलीचे, इराणचे, बंगालचे. तिकीट नाही, फायदा नाही. सिनेमा संपला की कुणीतरी त्यावर बोलतं, बाकीचे वाद घालतात. पूर्वी रिळांचे डबे कुणाच्या तरी वकिलातीतून, नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून यायचे. हे संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. डबे आणायचे, प्रोजेक्टरवर चढवायचे आणि वेळेत परत करायचे, हे कामही सभासदच करत.

मुंबईत १९३७ मध्ये ‘अमॅच्युअर सिने सोसायटी’ निघाली. पुढे १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ काढली. मग जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याच मुंबईत सुरू झाला आणि तिथून मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ त्यात होता. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. इतिहास सांगणारे इथपर्यंत हे सगळं उत्साहाने सांगतात. त्यात नावं येतात ती बहुतेक पुरुषांची, आणि मग आपल्याला वाटतं की बायका या गोष्टीत नव्हत्याच.

होत्या. आणि पार मुळाशी होत्या. विजया मुळे हे नाव किती जणींनी ऐकलंय? नाव नसेल ऐकलं, पण त्यांचं काम तुम्ही नक्की पाहिलंय. दूरदर्शनवर मुलांसाठी ‘एक अनेक और एकता’ ही छोटी चित्रफीत लागायची. चिमण्या जाळ्यात सापडतात आणि सगळ्या मिळून ते जाळंच उचलून उडतात. १९७४ ची ती फिल्म विजयाबाईंची. त्यांचा जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या, पुढे शिकायला इंग्लंडात लीड्सला गेल्या आणि तिथे त्यांना फिल्म सोसायटीची गोडी लागली. परत आल्यावर पाटण्याच्या फिल्म सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं, मग दिल्लीला नोकरीसाठी गेल्या तर तिथेही तेच.

१९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांनी मिळून ‘फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया’ स्थापन केलं. अध्यक्ष सत्यजित राय, आणि दोन संयुक्त सचिवांपैकी एक विजया मुळे. उपाध्यक्षांमध्ये अम्मू स्वामिनाथन होत्या, संविधान सभेतल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक, कॅप्टन लक्ष्मींच्या आई. आता सचिव म्हणजे काय, हे आपल्याला बचत गटामुळे चांगलं माहीत आहे. पत्रं लिहायची, हिशेब जुळवायचा, रुसलेल्यांना बोलवून आणायचं, दरवेळी सभागृह मिळेल की नाही याची धास्ती घ्यायची. अध्यक्षांचं नाव राहतं, संस्था मात्र सचिवांच्या कामावर चालते. विजयाबाईंना लोक ‘अक्का’ म्हणत. २०१९ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्या गेल्या.

तर मूळ असं आहे. मग आपल्यापर्यंत हे का आलं नाही?

एक कारण भाषेचं. मुंबईतल्या सुरुवातीच्या सोसायट्यांचा कारभार इंग्रजीतला. सिनेमा फ्रेंच, खालची अक्षरं इंग्रजी, नंतरची चर्चाही इंग्रजी. हे बदलायला १९६८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झालं. दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर अशी वाचणारी, लिहिणारी मराठी मंडळी त्यात होती. जगातला सिनेमा मराठी माणसाला मराठीतून समजावून द्यायचा, हे मंडळाने मनावर घेतलं. मंडळाचं ‘वास्तव रूपवाणी’ हे मराठी नियतकालिक निघालं. नांदगावकरांनी तर आयुष्य यातच घातलं. २००२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. ते जानेवारी २०२३ मध्ये गेले, मंडळाचं काम पुढे चालू राहिलं.

आम्हाला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ‘रसास्वाद’ हा शब्द. सिनेमा बघायला शिकवण्याची शिबिरं मराठीतून होऊ लागली, त्यांना चित्रपट रसास्वाद शिबिरं म्हणतात. चव घ्यायची, घाईने गिळायचं नाही. आमटीची फोडणी चुकली तर आपल्याला वासावरूनच कळतं ना, तसं पडद्यावर काय कमी पडलंय हे सवयीनेच कळायला लागतं. त्याला पदवी लागत नाही, पण नेम लागतो. म्हणून तर हे खेळ दर आठवड्याला, दर महिन्याला ठरलेल्या वारी असतात.

आणि नेम म्हटला की दुसरं कारण येतं. वेळ.

गेल्या काही वर्षांत मंडळाचे खेळ बरेचदा प्रभादेवीला, पु. ल. देशपांडे अकादमीच्या लहान थिएटरात होतात. आपल्या बाजूने हिशेब करून बघा. संध्याकाळी साडेसहाचा खेळ धरा. दोन तासांचा सिनेमा, वर चर्चा, म्हणजे नऊ वाजले. प्रभादेवीहून दादर, दादरहून बोरिवली, बोरिवलीहून बस, बस गोराई खाडीपर्यंत. वसाहतीतली बाई इथे घरी पोचली. गावातलीला अजून खाडी ओलांडायची आहे. रात्री बोटींच्या फेऱ्या विरळ होतात. बोट चुकली तर भाईंदर-उत्तनकडून फिरून यायचं. घरी म्हातारी सासू, मुलांची शाळा, पहाटे बाजाराला माल. मग ती बाई काय करते? चर्चा सुरू व्हायच्या आत उठते. दोनदा उठते, तिसऱ्यांदा जातच नाही. सभासदांच्या यादीतून तिचं नाव गळतं आणि कुणाला वाटतं, बायकांना यात रस नाही.

आणखी एक अडचण होती, ती जरा मोकळेपणाने बोलायची. फेडरेशनच्या सोसायट्यांना विदेशी सिनेमे सेन्सॉरच्या कात्रीशिवाय दाखवायची सवलत मिळाली होती, कारण प्रेक्षक फक्त सभासद. सवलत योग्यच होती. पण १९७० च्या दशकात अनेक शहरांत केवळ ‘न कापलेलं’ बघायला मिळतं म्हणून सभासद होणाऱ्यांची गर्दी झाली. चळवळीतल्या जाणत्या लोकांनीच याबद्दल खंत लिहून ठेवली आहे. त्या गर्दीतल्या पुरुषाला कुणी काही विचारलं नाही. घरातून ‘फिल्म सोसायटीला जाते’ असं सांगून निघणाऱ्या मुलीला मात्र दहा प्रश्न.

मग आपल्या पिढीतल्या बायकांनी जगातला नाही तरी देशातला चांगला सिनेमा पाहिला कुठे? आमचं उत्तर आहे, रविवारी दुपारी दूरदर्शनवर. १९८० च्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे लागायचे. बंगाली, मल्याळम, कन्नड, आसामी, त्यातले बरेच पुरस्कार मिळालेले. जेवणं उरकलेली, भांडी घासलेली, पुरुष माणसं झोपलेली. मटार सोलता सोलता, गोधडी शिवता शिवता बायकांनी ते सिनेमे पाहिले. खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नसली तरी चेहऱ्यांवरून गोष्ट लावली. फिल्म सोसायट्यांच्या इतिहासात ही दुपार कुणी धरत नाही. आम्ही धरतो. वेळ बाईच्या सोयीची होती, आणि परत येण्याचा प्रश्नच नव्हता. नव्हती ती फक्त चर्चा. सिनेमा संपला की एकटीनेच तो मनात घोळवायचा.

कुणी म्हणेल, गोराईसारख्या ठिकाणी जपानी सिनेमा कोण बघणार? त्यांच्यासाठी हेग्गोडूचं उदाहरण. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सुपारीच्या बागांमधलं हे लहानसं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७० च्या दशकात गावात फिल्म सोसायटी चालवली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांची मदत होती. बागाईतदारांनी, मजुरांनी तिथे ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’ पाहिले, कन्नडमधून समजून घेतले आणि त्यावर वाद घातले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाला कळणार नाही, हे शहराने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

उलट काही गोष्टी गावालाच जास्त कळतील. ‘बायसिकल थीव्ज’ची गोष्ट सगळे बाप आणि मुलाची म्हणून सांगतात. नोकरीसाठी सायकल हवी, ती चोरीला जाते, दोघं रोमभर शोधत फिरतात. पण ती सायकल गहाणातून सोडवून कुणी आणली? बायकोने. मारिया तिचं नाव. ती पलंगावरच्या चादरी ओढून काढते. तिच्या लग्नातल्या त्या चादरी. त्या गहाण टाकते आणि सायकल सुटते. घरातली कुठली वस्तू आधी गहाण पडते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मग मात्र मारिया सिनेमातून जवळजवळ नाहीशीच होते. नंतरच्या चर्चेत आपण पहिला प्रश्न हाच विचारू.

आणि गोराईत खरोखर एखादा सिनेमा आधी दाखवायचा झाला तर आमचं मत ‘ला तेर्रा त्रेमा’ला. नावाचा अर्थ, धरती हादरते. १९४८ चा इटलीचाच सिनेमा, दिग्दर्शक लुकिनो विस्कोन्ती. सिसिली बेटावरचं आची त्रेत्सा हे मच्छीमारांचं गाव, आणि काम करणारे नट नाहीत, तिथलेच कोळी. व्यापारी भाव पाडतात म्हणून एका घरातला थोरला मुलगा घर गहाण ठेवतो आणि स्वतःच्या बोटीवर धंदा करू बघतो. मासळी चांगली सापडते. आपल्या मांदेलीच्याच कुळातली ती बारीक मासळी. घरच्या बायका ती मिठात घालून पिंपं भरतात, आता दिवस पालटणार म्हणून हसतात. मग तुफान येतं. बोट फुटते. व्यापारी खारवलेली पिंपं मातीमोल भावाने उचलतात, घर जातं, आणि शेवटी त्याच व्यापाऱ्यांच्या दारात कामासाठी उभं राहावं लागतं. वादळात बायका काळ्या शाली अंगाला लपेटून खडकांवर उभ्या आहेत, समुद्राकडे बघत. मैत्रिणींनो, त्या जागी आपल्यापैकी कोण उभं राहिलेलं नाही?

या सिनेमातली माणसं आपल्या बोलीत बोलतात. ती बोली खुद्द इटलीतल्या लोकांना कळेना, म्हणून इटालियन भाषेत निवेदन जोडावं लागलं. बोरिवलीच्या बाजारात आपल्या कोळणीची, ईस्ट इंडियन बाईची मराठी ऐकून गिऱ्हाईक हसतं, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन तास चाळीस मिनिटांचा आहे, जरा लांब आहे, एखादी पेंगेल. पेंगू दे.

आता व्यवहाराचं बोलू. प्रोजेक्टर आता जड राहिलेला नाही आणि पांढरी भिंत कुठेही मिळते. पण मोबाइलवर घरगुती वर्गणी भरून मिळणारा सिनेमा असा चारचौघांत लावता येत नाही, हक्क ज्याच्याकडे त्याची परवानगी लागते. फिल्म सोसायटी म्हणून रीतसर काम सुरू केलं तर याबाबतीत फेडरेशनच्या पश्चिम विभागाकडे विचारता येतं. सबटायटल इंग्रजीत असतील, तेव्हा मधेमधे थांबवून आपल्या बोलीत सांगणारी कुणीतरी हवी. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनो, हे तुमचं काम.

वेळेबद्दल आमचं म्हणणं ठाम आहे. रविवार, दुपारी दोन ते पाच. सकाळची मिस्सा, बाजार, जेवणं झालेली आणि संध्याकाळचा स्वयंपाक लागायचा असलेला. जागा गावातच, म्हणजे बोटीचं घड्याळ बघायला नको. वसाहतीतल्या जणींनी दुपारच्या बोटीने यावं आणि उजेडात परत जावं. सुरुवात जूनमध्ये करता येईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर असतात, हात थोडे मोकळे असतात. फक्त ज्यांच्याकडे भातलावणी आहे त्यांना जुलै चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्यांना कुठला महिना बरा पडेल ते त्यांनी कळवावं. आणि घरात न वापरलेली, दुहेरी विणीची पांढरी चादर कुणाकडे असेल तर तीही कळवा. पडद्याला लागेल. गहाण पडणार नाही, याची हमी आमची.