जीप, सीजे (विशेष आवृत्त्या व त्यांची ओळख)

जीप, सीजे : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या विलिस एमबी ह्या वाहनापासून सिद्ध झालेली, चारही चाकांना चालना देण्याची सोय असलेली नागरी जीपमालिका. ‘सीजे’ ही अक्षरे ‘सिव्हिलियन जीप’ ह्या नामाभिधानाची आद्याक्षरे होत. मालिकेचे उत्पादन मुख्यतः ओहायओ राज्यातील टोलीडो येथे १९४५ पासून १९८६ पर्यंत चालले, आणि ह्या अवधीत सीजे-२ए, ३ए, ३बी, ५, ६, ७ व ८ अशी मुख्य रूपे क्रमाने बाजारात आली. ह्यांपैकी सीजे-५ हे रूप १९५४ च्या अखेरीपासून १९८३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, बाह्यतः फारसा फेरफार न होता टिकून राहिल्यामुळे विशेष आवृत्त्यांची सर्वाधिक गर्दी त्याच्याच भोवती झालेली आढळते. प्रस्तुत नोंदीत वाहनाचा सामान्य इतिहास दिलेला नसून, विरळ आवृत्ती अस्सल की मागाहून सजविलेली, एवढाच प्रश्न मुख्यत्वे विचारात घेतला आहे.

उत्पादक : विलिस-ओव्हरलँड ही मूळ कंपनी. १९५३ मध्ये ती कैसर समूहाकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि सीजेचे उत्पादन थांबल्यानंतर, १९८७ मध्ये, क्रायस्लरकडे गेली. वाहनाला क्रमांक देण्याची पद्धती कैसरच्या आणि अमेरिकन मोटर्सच्या अमदानीत सारखी राहिली नाही, ही बाब पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

क्रमांकपट्टी : विशेष आवृत्त्यांचे दोन वर्ग स्पष्टपणे पडतात. पहिल्या वर्गातील आवृत्तीची साक्ष कारखान्याने ठोकलेला क्रमांक स्वतःच देतो. दुसऱ्या वर्गातील आवृत्ती रंग, पट्टे, चाके आणि बैठकीचे कापड ह्यांवरूनच ओळखावी लागते, आणि हे सर्व साहित्य आज नव्याने तयार होऊन उघड विकले जात असल्यामुळे तिच्याविषयी संशयाला नेहमीच जागा राहते. पहिल्या वर्गाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे टक्सीडो पार्क. हे नाव १९६१ पासून सीजे-५ वरील एका सजावटसंचाला दिले जात होते; परंतु १९६४ मध्ये कैसरने ‘टक्सीडो पार्क मार्क फोर’ ह्या नावाने त्याला स्वतंत्र रूपाचा दर्जा दिला आणि सीजे-५ए व सीजे-६ए अशी संज्ञा मुक्रर केली. १९६७ पर्यंत चाललेल्या ह्या रूपाची क्रोमचे बंपर, क्रोमचे आरसे आणि बोनेटच्या चकचकीत कड्या ही लक्षणे जाहिरातींतून सर्वत्र परिचित झाली असली तरी निर्णायक लक्षण ती नव्हेत. त्या काळातील साध्या सीजे-५ च्या क्रमांकाचा आरंभ ८३०५ ह्या अंकांनी होतो, टक्सीडो पार्कचा ८३२२ ह्या अंकांनी. आणि इंजिनाच्या मागील पोलादी पडद्यावरील पट्टीवर हे चार अंक असतील, पट्टीची रिव्हेटे जागची हललेली नसतील, तर क्रोम सगळे गळून पडलेले असले तरी ती जीप टक्सीडो पार्कच होय. ह्याच्या उलट, डोळे दिपविणारे क्रोम आहे पण ८३२२ हे अंक नाहीत अशी जीप १९६४ पूर्वीची असल्यास सजावटसंच घेतलेली असू शकते, नंतरची असल्यास मात्र कोणा हौशी मालकाची कृती समजावी. लांब बांध्याच्या सीजे-६ए चे उत्पादन अत्यल्प झाले. ४५९ हा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. विरळपणाच्या दृष्टीने हिच्यापुढे पुढील काळातील बऱ्याचशा पट्टेदार आवृत्त्या फिक्या पडतात, असे असूनही संग्राहकांचे लक्ष हिच्याकडे अद्याप पुरेसे गेलेले नाही.

अमेरिकन मोटर्सच्या काळात क्रमांकाची रचना बदलली. १९७५ पासून १९८० पर्यंतच्या क्रमांकात आरंभी ‘जे’ हे अक्षर, त्यानंतर वर्षाचा अंक आणि पुढे रूपाचा संकेत येतो : सीजे-५ साठी ८३, सीजे-६ साठी ८४, सीजे-७ साठी ९३. त्याच क्रमांकात इंजिनाचेही एक अक्षर असते; ३०४ घन इंचांच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासाठी ते ‘एच’ होय. १९८१ मध्ये सतरा स्थानांचा क्रमांक सुरू झाला आणि हे संकेत ८५ (सीजे-५), ८७ (सीजे-७) व ८८ (सीजे-८) असे झाले. सीजे-६ ह्या वेळेपावेतो अमेरिकी बाजारातून गेलेली होती. परंतु रेनेगेड, गोल्डन ईगल इत्यादी सजावटींचा निर्देश ह्या क्रमांकात मुळीच नाही. सबब अशा जीपविषयी क्रमांकपट्टी इतकेच सांगू शकते की, ती त्या वर्षाची, त्या रूपाची आणि त्या इंजिनाची होती किंवा नव्हती. आवृत्तीचा दाखला विक्रीसमयीच्या कागदपत्रांतच शोधावा लागतो, आणि असे दस्तऐवज वाहनासोबत चाळीस-पन्नास वर्षे टिकल्याची उदाहरणे थोडी.

रेनेगेड : १९७० मध्ये ‘रेनेगेड वन’ व १९७१ मध्ये ‘रेनेगेड टू’ ह्या नावांनी सीजे-५ च्या दोन अल्पसंख्य आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या एकूण संख्येविषयी आणि रंगवार विभागणीविषयी अनेक आकडे प्रचलित असून ते परस्परांशी जुळत नाहीत. सबब येथे दिलेले नाहीत. १९७२ पासून मिश्रधातूची चाके, रोल बार, मागील लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आणि ३०४ घन इंचांचे व्ही-८ इंजिन ह्यांसह रेनेगेड हा संच स्थिरावला, आणि पुढे तो इतका सर्वसामान्य झाला की, त्याला विरळ म्हणणे कठीण आहे. आरंभीच्या दोन आवृत्त्या मात्र खऱ्या अर्थाने दुर्मिळ असल्यामुळे साध्या सीजे-५ वर त्यांचे पट्टे रंगविण्याचा मोह अनेकांना झालेला दिसतो.

येथे उपयोगी पडणारी कसोटी रंगाची नसून मोजपट्टीची आहे. १९७१ अखेरपर्यंत सीजे-५ च्या पुढील व मागील आसांमधील अंतर ८१ इंच होते. १९७२ मध्ये अमेरिकन मोटर्सने स्वतःची सहा व आठ सिलिंडरांची इंजिने बसविण्यासाठी ते सुमारे ३ इंचांनी वाढविले. म्हणून पहिल्या दोन रेनेगेड आखूड बांध्याच्याच असल्या पाहिजेत, आणि त्यांत ब्यूइककडून घेतलेले २२५ घन इंचांचे ‘डॉन्टलेस’ व्ही-६ इंजिनच असले पाहिजे. आखूड चासीवर व्ही-८ आढळल्यास इंजिन मागाहून बसविलेले आहे. लांब चासीवर ‘रेनेगेड टू’ ची अक्षरे आढळल्यास अक्षरे मागाहून चिकटविलेली आहेत. मोजमापाने आवृत्ती सिद्ध होत नाही, पण खोटा दावा त्याने तत्काळ उघडा पडतो. आणि खरेदीदाराला बहुधा ह्या दुसऱ्याच गोष्टीची अधिक गरज असते.

मागील आसाची परीक्षाही अशीच. १९७५ पर्यंत सीजे-५ ला डॅना ४४ जातीचा मागील आस असे. १९७६ पासून त्याची जागा एएमसी २० ने घेतली. त्याच्या डिफरन्शियलचे झाकण गोल असल्यामुळे जीपखाली वाकून पाहताच तो ओळखू येतो. १९७७ च्या किंवा त्यापुढील आवृत्तीखाली डॅना ४४ दिसल्यास बदल झाला आहे असे धरावे. अपवाद १९८६ च्या काही अखेरच्या सीजे-७ चा. तथापि एएमसी २० चे दोन तुकड्यांचे अर्धआस कमजोर ठरल्यामुळे अनेक प्रामाणिक मालकांनीही तो बदल केलेला असल्याने, एवढ्यावरून लबाडीचे अनुमान काढू नये.

सुपर जीप : १९७३. आसनांवर व बोनेटवर रंगीत पट्टे. मिश्रधातूच्या चाकांऐवजी पोलादी चाके.

गोल्डन ईगल : १९७७ मध्ये आलेला हा संच सीजे-५ व सीजे-७ ह्या दोन्ही रूपांवर मिळे. बोनेट व्यापणारा पंख पसरलेला गरुड, सोनेरी छटेची चाके आणि आरंभी केवळ ‘ओकलीफ ब्राऊन’ हा तपकिरी रंग ही त्याची लक्षणे. हा गरुड म्हणजे एक चिकटचित्र असून त्याच्या उत्तम नकला विकत मिळतात. सबब चित्रापेक्षा त्याखालील रंगाकडे लक्ष द्यावे. डॅशबोर्डखाली, बोनेटच्या आतील बाजूस आणि बिजागऱ्यांच्या मागे मूळ रंग वेगळा निघाला तर पुढील चर्चेची आवश्यकता उरत नाही. अशीच परीक्षा लेव्हाइज ह्या दुसऱ्या सजावटसंचाची : त्याची आसने डेनिमसारखी दिसत, पण ती विनाइलची असत, कारण उघड्या जीपमध्ये खरे डेनिम ऊनपावसात टिकले नसते. ‘अस्सल डेनिमची मूळ आसने’ असे सांगणारा विक्रेता त्यामुळे स्वतःच्याच शब्दांत सापडतो.

स्मारक आवृत्त्या : सीजे-५ च्या पंचविसाव्या वर्षानिमित्त १९७९ मध्ये निघालेल्या रौप्यमहोत्सवी आवृत्तीचा रंग ‘क्विक सिल्व्हर’ हा रुपेरी असून डॅशबोर्डवर स्मारकपट्टी बसविलेली असे. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेने १९५३ पासून भरणाऱ्या जीपयात्रेच्या तिसाव्या खेपेस, १९८२ मध्ये, सीजे-७ ची ‘जँबोरी’ आवृत्ती काढण्यात आली. तिच्या पट्टीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. सीजेमध्ये व्ही-८ इंजिन देणे १९८१ नंतर बंद झाल्यामुळे, जँबोरीमध्ये कारखान्यातूनच व्ही-८ आल्याचा दावा ग्राह्य धरता येत नाही.

पूर्वरूपे : १९४४–४५ मधील सीजे-२ ही चाचणीसाठी केलेली अल्पसंख्य वाहने. त्यांच्या बोनेटच्या बाजूंवर, समोरच्या काचेखाली व पाठीमागे ‘जीप’ अशी पितळी अक्षरपट्टी असे. विद्यमान नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असून त्यांचा बाजार असा नाही. १९५० मध्ये नौदलाच्या कंत्राटावरून, खोल पाण्यातून जाण्यास योग्य अशी सीजे-व्ही ३५ सुमारे एक हजारांच्या संख्येत तयार झाली. ती नागरी सीजे-३ए वरून घेतलेली असल्यामुळे पुष्कळ काळ साधी सीजे-३ए म्हणूनच विकली गेली.

सीजे-८ (स्क्रँबलर) : १९८१–८६. अलास्कातील टपालखात्यासाठी उजव्या बाजूच्या सुकाणूची व पूर्ण पोलादी छपराची थोडी वाहने झाली. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन ह्यांच्या कॅलिफोर्नियातील मळ्यावर एक सीजे-६ आणि एक सीजे-८ होती.

भारतातील स्थिती : महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलिसच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली, आणि पुढे परवान्याखाली सीजे-३बी चे उत्पादन हाती घेतले. अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलेले हे रूप भारतात त्यानंतरही कित्येक दशके निघत राहिले. उंच एफ-हेड इंजिन मावावे म्हणून तिचे बोनेट उचललेले असल्यामुळे आपल्याकडील गॅरेजवाले तिला ‘हाय बोनेट’ आणि तत्पूर्वीच्या रूपांना ‘लो बोनेट’ म्हणतात. कोशकाराच्या दृष्टीने हे वर्गीकरण पुष्कळदा कागदपत्रांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. येथे अमेरिकी पट्टेदार आवृत्त्यांचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. प्रश्न असतो तो युद्धकालीन जीपच्या सोंगाचा. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव अशा नव्याने बांधलेल्या जीपगाड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. एमबीच्या ग्रिलला नऊ फटी असतात व दिवे आत बसविलेले असतात, तिला मागे उघडणारे फळकूट नसते आणि स्टेपनी पाठीवर असते. नागरी सीजे-२ए ला सात फटी, मोठे दिवे, मागे उघडणारे फळकूट आणि बाजूला स्टेपनी. नऊ फटींचे ग्रिल लावणे सोपे असते, पण मागील फळकूट बुजविताना जोडाची रेषा बहुधा आतून दिसते. लष्करी लिलावातून सुटलेल्या गाड्यांच्या आरसी पुस्तकातील नोंदणीचे वर्ष हे निर्मितीचे वर्ष असेलच असे नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वी चासी क्रमांकाशी ताडून पाहावी.

सीजे-१० : मुख्यतः निर्यातीसाठीचा पिकअप ट्रक, १९८१–८५. सीजे-१०ए हे त्याचे अमेरिकी वायुदलासाठी केलेले, विमाने ओढण्याचे रूप. त्यात निस्सानचे डिझेल इंजिन असे.