सांगलीच्या मावशी आणि आमच्या घरातल्या चार तारा



दिवाळीच्या साफसफाईत यंदा भिंतीवरच्या जुन्या तारा ओढून काढल्या. चार प्रकारच्या निघाल्या. टेलिफोनची काळी, केबलवाल्याची जाड, मग निळी लॅनची, आणि सगळ्यात शेवटची फायबरची, दोऱ्याएवढी बारीक. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराचा सत्तर वर्षांचा इतिहासच म्हणा ना. म्हटलं, लिहून ठेवावं.

माझ्या सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) 1956 साली सांगलीहून लग्न होऊन इथे आल्या. त्याच वर्षी एक नोव्हेंबरला मध्य भारताचं मध्य प्रदेश झालं. आई अजून म्हणतात, "मी आले एका राज्यात आणि राहिले दुसऱ्याच." धाकटी बहीण सांगलीतच राहिली, शाळेत मास्तरीण होती. दोघींचं रविवारचं पत्र ठरलेलं. ट्रंक कॉल म्हणजे जन्म नाहीतर मृत्यू. कॉल लागल्याचं कळलं की घरात आधी रडायला सुरुवात व्हायची, बातमी नंतर.

फोन घरी आला 1991 मध्ये. त्या काळात देशभर सगळीकडेच नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. जास्त पैसे आधी भरून लवकर मिळणारी 'ओवायटी' नावाची योजनाही होती. 'कोणाचा फोन घ्यावा' हा प्रश्नच नव्हता, कारण देणारा एकच. मिळाला की पेढे वाटायचे. मग एसटीडीचा दर कमी होईपर्यंत जागायचं आणि रात्री उशिरा सांगलीला लावायचा, घड्याळ समोर ठेवून.

आणि इथे आपल्या इंदूरचा एक मान आहे, जो आपल्यातल्याच पुष्कळांना माहीत नाही. 1994 च्या दूरसंचार धोरणाने घरगुती फोन खासगी कंपन्यांना खुला केला. त्यानंतर देशातली पहिली खासगी लँडलाइन सेवा सुरू झाली ती मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आपल्या इंदुरात, 4 जून 1998 रोजी. भारती टेलिनेटची, म्हणजे पुढे जिचं एअरटेल झालं तिची. तार जोडून घेताना "सरकारी की प्रायव्हेट?" असं घरात बसून ठरवण्याची पाळी या देशात सगळ्यात आधी आली ती इंदूरकरांवर.

ओट्यावर किती चर्चा झाल्या तेव्हा! सासरे म्हणायचे, नंबर बदलेल, पत्रिकांवर छापलेला नंबर आहे आपला. शेजारचे काका म्हणायचे, कंपनी उद्या गुंडाळून गेली तर? एकाने तर दोन्ही घेतले. आमच्याकडे जुनाच राहिला. पण आज मागे बघताना वाटतं, आम्ही भाव विचारला, नंबर विचारला. तार तुटली तर खांबावर कोण चढणार, हे कोणीच विचारलं नाही. ही सवय पुढे मला महागात पडली, ते सांगते.

इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने खुलं केलं, पण ते मोठ्या महानगरांत. आपल्याकडे आलं ते नंतर, मोडेमच्या त्या किर्र आवाजासकट. नेट चालू की फोन बंद. खरं ब्रॉडबँड आलं 2005 च्या जानेवारीत, बीएसएनएलचं डेटावन. सरकारच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस अशी व्याख्या होती. आजच्या पोरांना हसू येईल. रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद असा प्लॅन होता. पुतण्या दोनचा गजर लावून उठायचा, अभ्यासाला कधी उठला नाही तो!

ही सेवा यायची टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेतून. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. जोड उघडा पडून पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि नेट गायब. मग आले गल्लीतले केबलवाले भिया. गच्चीगच्चीवरून निळी लॅनची तार, खांबावर डबा, डब्याला वीज कोणाच्या तरी मीटरवरून. तिथली बत्ती गेली की आमचं नेट गेलं, आमच्या घरी वीज असली तरी. पण त्या भियाचं एक होतं. तो गल्लीतच राहायचा. सकाळी पोहे खाताना दुकानावर सापडायचा. पळून जाणार कुठे?

आता सांगलीच्या मावशींचं. वय झालं तसं त्यांना ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र लावलं की फोनवर शिट्टीच वाजायची. दोघी बहिणी गप्प झाल्या. मग नातवाने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मावशींनी काय केलं, तर आपली शाळेतली पाटी काढली. खडूने लिहायच्या आणि कॅमेऱ्यापुढे धरायच्या. "जेवलीस का?" इकडून आई त्यांच्या पाटीवर लिहायच्या. दर रविवारी अकरा वाजता, तासभर. दोन म्हाताऱ्या, दोन पाट्या. आम्ही मागे उभे राहून हसायचो.

2019 च्या दिवाळीत मी कनेक्शन बदललं. ठरवलं मीच, मुलांना विचारलंही नाही. एक कंपनी (नाव घेत नाही) म्हणाली, वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फुकट. वेग भियाच्या दुप्पट. मी भाव बघितला, वेग बघितला, पैसे भरून मोकळी झाले. भियाला सांगताना जरा वाईट वाटलं, पण वाचलेल्या पैशांचा आनंद मोठा होता.

मार्च 2020 ला सगळं बंद झालं. इंदूरमध्ये सुरुवातीला काय परिस्थिती होती ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डबीवर लाल दिवा लागला. तक्रार केली, नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार सोडवली आहे. दिवा लालच. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. असे अकरा दिवस गेले. मोबाइलच्या नेटवर कॉल लावून बघितला, पण आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड फुटाच्या, आणि त्या दिवसांत सगळं शहर घरात बसून मोबाइलवरच. चेहरा दिसायचा, पाटीवरची अक्षरं मात्र पुसट, चित्र अडकलेलं. मावशी पाटी धरून बसायच्या आणि आई म्हणायच्या, "अगं, वाचता नाही येऊन राहिलं." ते त्यांना ऐकू कुठून जाणार?

नवव्या दिवशी मावशी गेल्या. झोपेतच.

आई मला कधी काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "शेवटी काय लिहिलं होतं तिने, कळलं नाही."

त्यानंतर मी या विषयात शिरले, जिद्दीनेच म्हणा. तेव्हा कळलं की ट्रायचा 2006 पासून नियम होता: घरगुती ब्रॉडबँडचा बिघाड तीन कामाच्या दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला बिलात सूट द्यायची. पण आधी तक्रारीचा नंबर जपून ठेवायला हवा, आणि दुरुस्त न होता तक्रार बंद केली तर वरच्या अपिलाकडे जायला हवं. मी मेसेज पुसून टाकले होते.

जाहिरातीतला वेग म्हणजे काय, हेही तेव्हाच कळलं. एकच वाट अनेक घरांत वाटलेली असते. ट्रायने 2009 मध्ये घरगुती जोडणीसाठी एकास पन्नासपर्यंतची मर्यादा सुचवली होती. म्हणून कोणाकडे चौकशी करायची तर दुपारी तीनला वेग मोजून उपयोग नाही, रात्री नऊला मोजायचा, जेव्हा सगळी गल्ली सिरियल आणि मॅच बघत असते. आणि वर चढणारा वेग वेगळा विचारायचा. आपल्याकडून सांगलीला पाटी दिसायची ती त्याच्यावर. तारेत तो कमी असेल तर उतरणारा शंभर असून काय करायचाय?

फायबर घेताना मी सहा घरं फिरले. कंपनीच्या माणसाला नाही, त्याच खांबावरून तार गेलेल्यांना विचारलं: मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं, आणि कोण आलं? एक गंमत कळली. दोन वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांची आमच्या गल्लीतली तार एकच माणूस सांभाळतो. एक बंद पडली की दुसरी वाचेल म्हणून दोन्ही घेतल्या असत्या, तर पैसे पाण्यात. रस्ता एकदा खणला की दोन्ही गेल्या. फायबरमध्ये काचेतून उजेड जातो, पावसाचं पाणी त्याला फारसं बाधत नाही, पण तार फार दुमडली की उजेड गळतो. पहिल्याच आठवड्यात लाइनमन आला, म्हणाला, "आंटी, लॉस आ रहा है," आणि कपाटामागे मी दाबलेली तार सरळ करून गेला. डबीला छोटी बॅटरी लावलीय, बत्ती गेली तरी तीन-चार तास चालते. पैसे महिन्याचे महिन्याला भरते. वर्षाचे एकदम कोणाला देत नाही, कितीही महिने फुकट असोत.

आणि हा लाइनमन कोण? तोच जुना केबलवाला भिया, आता मोठ्या कंपनीच्या नावाखाली. केसं पांढरी झालीत. त्याचा नंबर कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलाय, दर जानेवारीत नव्यावर उतरवते.

बाकीच्या तीन तारा भंगारवाल्याला दिल्या. आई रविवारी अकरा वाजता अजून बसतात, मावशींच्या नातीशी बोलायला. पोरीला व्यवस्थित ऐकू येतं.

रामबाग, लोकमान्य नगर, राजवाड्याच्या बाजूला कोणाकडे 1998 चं पहिलं खासगी फोनचं बिल किंवा जुनी डिरेक्टरी असेल तर फोटो टाका. आणि तुमच्या घरी तेव्हा काय ठरलं, सरकारी की प्रायव्हेट, तेही लिहा.