दुर्बीण आणि नेम

युद्धपट पाहताना तपशिलांच्या वाटेला जाण्याची मला सवय नव्हती. बंदूक वाजली, माणूस पडला, एवढ्यावर माझे समाधान होत असे. ते मोडले माझ्या मामांनी. मामा पलटणीत आर्मरर होते. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याबरोबर मी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा १९९८ सालचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पाहिला.

काळ १९४४ चा जून महिना, स्थळ नॉर्मंडी. जॅक्सन नावाच्या नेमबाजाच्या रायफलीवर एका प्रसंगात आखूड दुर्बीण दिसते, तर दुसऱ्यात लांबलचक. आणि गोळी मात्र दोन्ही वेळा अचूक! मी भारावून गेलो होतो. मामा एवढेच म्हणाले, “दुर्बीण बदलली, मग झीरो कधी केली रे त्याने?”

तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. शोधू लागलो तेव्हा कळले की, रायफल काळाला धरून आहे. अमेरिकन पायदळाची ती स्प्रिंगफील्ड एम १९०३ ए ४. आखूड दुर्बीण वीव्हर कंपनीची, वस्तू जेमतेम अडीच पट मोठी दाखवणारी, तीही बरोबर. लांब दुर्बीण मात्र उनर्टल कंपनीची, आठ पटींची. ती मरीन सैनिक वापरीत, आणि ते लढत होते दूर पॅसिफिकमध्ये.

पण खरी मेख मामांच्या प्रश्नात होती. दुर्बीण बदलली की नेम नव्याने बसवावा लागतो: गोळी झाडायची, ती कुठे लागली ते पाहायचे, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा झाडायची. ब्रिटिशांच्या नंबर ४ (टी) रायफलीच्या दस्त्यावर तिच्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. हेतू हा की, जमलेली जोडी फुटू नये.

चित्रपटातला जॅक्सन देवाचे नाव घेऊन चाप ओढतो. नेम ही जणू वरून आलेली कृपा! मामांनी जन्मभर केले ते काम तिथे कुठेच नाही.

मामा आता नाहीत. चित्रपट मी पुन्हा पाहिला, आणि तो मला पुन्हा आवडला. पण जॅक्सन प्रार्थना पुटपुटू लागला की मला पडद्यावर नसलेला एक माणूस दिसतो. डोळे बारीक करून, स्क्रू एकच घर फिरवून, पुढच्या गोळीची वाट पाहणारा.