डॉक्टरांची कागदपत्रे कोण तपासतं?

आजारी पडल्यावर आपण विश्वासाने स्वतःला डॉक्टरांच्या हाती सोपवतो. पण त्यांची पदवी खरी आहे का, परवाना चालू आहे का, हे कोणी तपासलेलं असतं का? अमेरिकेत या कामासाठी आज खास प्रशिक्षित कर्मचारी असतात. तिथवर पोहोचायला त्या देशाला बरीच वर्षं लागली.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यचिकित्सकांच्या संस्थेने १९१८ मध्ये १०० किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली. किमान निकषांवर उतरली फक्त ८९! नावं फुटली तर गहजब होईल, म्हणून १९१९ मध्ये ती यादी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. निकष तसे साधेच होते : डॉक्टर पदवीधर, परवानाधारक, कुशल आणि सचोटीचा असावा आणि प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवावी.

पुढे १९६० मध्ये इलिनॉय राज्यात १८ वर्षांच्या एका मुलाचा पाय फुटबॉल खेळताना मोडला. प्लास्टर घट्ट बसलं, रक्तपुरवठा तुटला आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 'डॉक्टर चुकले, आमचा काय दोष?' हा रुग्णालयाचा बचाव तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळला. आपल्याकडे काम करणाऱ्या डॉक्टरांवर लक्ष ठेवणं ही रुग्णालयाचीही जबाबदारी ठरली.

त्याच वर्षी ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना मंजूर झाली. योजनेतून पैसे मिळवायचे तर डॉक्टरांची तिथे नोंदणी हवी. पैसा आला तशी खोटी बिलंही आली. एका राज्यात कारवाई झालेले काही डॉक्टर दुसऱ्या राज्यात पाटी लावू लागले. म्हणून १९९० मध्ये अशा कारवायांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. प्रत्येक डॉक्टरला दहा अंकी ओळख क्रमांक मिळाला आणि २००७ पासून बिलांवर तो आवश्यक झाला. २०१० च्या कायद्याने नोंदणीची छाननी आणखी कडक केली.

एवढं सगळं सांभाळणं कारकुनाच्या आवाक्याबाहेर गेलं. पदवीची खात्री झेरॉक्स पाहून नव्हे, थेट विद्यापीठाकडून करायची. परवान्याची, तो देणाऱ्या मंडळाकडून. मग विमा योजनेत नाव नोंदवायचं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचं. एक तारीख चुकली तर डॉक्टरचं बिल अडकतं आणि रुग्णाची अपॉइंटमेंट पुढे जाते. त्यामुळे हे काम करणाऱ्यांनी आपली संघटना उभारली, परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू केलं. डॉक्टरांना तपासणाऱ्यांचीही पात्रता तपासली जाऊ लागली.

आपल्याकडेही डॉक्टरांची नोंदणी नवी नाही. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९१२ मध्येच कायदा झाला. आज महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद ठेवते. २००२ च्या नियमांनुसार हा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि प्रिस्क्रिप्शन, दाखला, पावती यांवर लिहिणं बंधनकारक आहे.

म्हणून पुढच्या वेळी प्रिस्क्रिप्शन हातात आलं की औषधांबरोबर तो क्रमांकही पाहा. नसेल तर विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. खऱ्या डॉक्टरला तो सांगायला अडचण नसते.